कर्णाचा पश्चात्ताप कोणी पळवला?

कर्णाचा विषय निघाला की मराठी वाचक ऐकण्याआधीच हळवा होतो. रुतलेले चाक, निःशस्त्र वीर, पाठीशी शाप आणि समोर कपटी कृष्ण, एवढ्या चार रेषांत त्याचे चित्र पुरे होते. व्याख्यानांतून, शाळेच्या वक्तृत्वस्पर्धांतून आणि यात्रेतल्या नाटकांतून हेच चित्र आपण पिढ्यानपिढ्या रंगवत आलो. ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली. पुढे ‘राधेय’ आली. कादंबरीकाराने आपल्या नायकाची बाजू घ्यावी, हा त्याचा हक्कच आहे. तक्रार आहे ती कादंबरी वाचून महाभारत वाचल्याचे समाधान मानणाऱ्या वाचकाबद्दल. त्याच १९६७ साली इरावतीबाई कर्वे यांचे ‘युगान्त’ही प्रसिद्ध झाले. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण कर्णाकडे कोरड्या डोळ्यांनी पाहण्याची त्यातली शिस्त आपल्या सभामंडपांपर्यंत काही पोचली नाही.

मूळ कर्णपर्व काय सांगते? युद्धाच्या सतराव्या दिवशी चाक रुतल्यावर कर्ण धर्माची आठवण देऊन अर्जुनाला थांबायला सांगतो. कृष्ण त्याला द्यूतसभेतली द्रौपदी आणि अनेकांनी घेरून मारलेला अभिमन्यू यांची आठवण देतो. इथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. पुढचे मात्र कोणी सांगत नाही. कर्ण लढतच राहतो. त्याच्या एका बाणाने अर्जुनाला भोवळ येते, हातातले गांडीव सैल पडते आणि तेवढी सवड साधून कर्ण चाक उपसायला खाली उतरतो. तो रथावर पुन्हा चढण्याआधीच त्याचा शिरच्छेद कर, असे कृष्ण सांगतो, हेही खरेच. व्यासांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या. आपण अर्धीच का पाठ केली?

‘मी सूतपुत्राला वरणार नाही’ हे द्रौपदीचे प्रसिद्ध वाक्यही तसेच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने चिकित्सक आवृत्तीत ते मूळ संहितेबाहेर काढून तळटीपेत ठेवले. ती आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. तरीही द्यूतसभेतल्या कर्णाच्या वर्तनाचे समर्थन आजही याच वाक्यावर उभे केले जाते. जन्मावरून त्याचा अपमान झाला नाही, असे मुळीच नव्हे. अस्त्रपरीक्षेच्या रंगमंडपात तो झाला, आणि जातीची उतरंड भोगलेल्या वाचकाला तो आपला वाटतो यात नवल नाही. पण हाच अपमानित पुरुष भरसभेत एका स्त्रीला कुलटा म्हणतो आणि तिची वस्त्रे उतरवायला सांगतो. खरी शोकांतिका इथे आहे, आणि तीच आपण झाकून ठेवतो.

उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगतो. राधा-अधिरथांचे प्रेम आणि दुर्योधनाचे मीठ यांसाठी कर्ण राज्य नाकारतो. हा भाग आपल्याला तोंडपाठ. त्याच संवादात तो कबूल करतो, की दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून मी पांडवांना कडू बोललो आणि त्या कर्माचा आज मला ताप होतो. ज्याला आपण निर्दोष ठरवले त्याला पश्चात्ताप कशाचा व्हावा? म्हणून आपल्या व्याख्यात्यांनी ते वाक्यच गाळले.

मुडबीसारख्या गावातल्या वाचकाला तर ही सबब मुळीच नाही. बसवकल्याण तालुक्यात राहणाऱ्याच्या कानांवर मराठी पडते तशी कन्नडही पडते. पंपाने ९४१च्या सुमारास ‘विक्रमार्जुनविजय’ रचला तो वेमुलवाड्याच्या अरिकेसरीसाठी, त्या राजाला अर्जुनाच्या जागी बसवून. काव्याचा नायक अर्जुन, पोशिंदाही अर्जुन. तरी कर्ण पडतो तेव्हा हा कवी भारतात कोणाला आठवायचे तर कर्णालाच आठवा, असे सांगतो. त्यासाठी त्याला अर्जुनाला खलनायक करावे लागले नाही. रन्नाच्या ‘गदायुद्धा’त रणभूमीवरून चालणारा दुर्योधन कर्णाच्या देहापाशी विलाप करतो. हा कवी चालुक्यांचा, म्हणजे ज्यांनी पुढे कल्याणला राजधानी आणली त्यांचा. पंप-रन्नांची नावे आपण अभिमानाने घेतो; त्यांचा कर्ण मात्र आपल्या व्यासपीठावर येत नाही.

यापुढे कर्णावर बोलायला जो कोणी उभा राहील, त्याने चाकापासून सुरुवात न करता त्या कबुलीपासून करावी. श्रोते कदाचित टाळ्या देणार नाहीत.