बळाचे माप आणि खलनायकाचे यंत्र

जपानी साहसमालिकांवर चर्चा निघाली की ती हटकून एकाच वळणावर येते : अमुक नायक तमुक खलनायकापेक्षा बलवान की दुबळा? दोघांचे आकडे मांडले जातात, आणि आकड्याने थोर असलेला खलनायक हरला की लेखकाने लबाडी केली, असा निकाल लागतो. या निकालपद्धतीशी आमचे भांडण आहे. तुलना जरूर करावी. परंतु बळ म्हणजे आकडा, ही समजूत आम्हांस मान्य नाही.

हे आकडे आले कोठून? अकिरा तोरियामा यांच्या चित्रकथेवरून १९८९ साली ‘ड्रॅगन बॉल झी’ ही मालिका सुरू झाली. तिच्या आरंभी परग्रहावरून उतरलेला रॅडिट्झ डोळ्यावरच्या यंत्रातून एका शेतकऱ्याची शक्ती मोजतो. आकडा येतो पाच. तुच्छतेने तो त्यास ठार करतो. पुढे फ्रीझा नामक खलनायकाचा आकडा पाच लाख तीस हजार सांगितला जातो. म्हणजे मोजण्याचे हे यंत्र मुळात खलनायकांचे आहे. नायकपक्ष शक्ती यंत्राविना ओळखतो, ती दडवतो, ऐनवेळी वाढवतो; यंत्रावर विसंबणारे फसतात. लेखकाने खोटे पाडलेले यंत्र रसिकांनी आपल्या डोळ्यांवर चढवावे, याला काय म्हणावे? आमच्या वाशीमसारख्या शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात तरी त्या ‘पाच’ची चीड यायला हवी.

एक आक्षेप मात्र खरा आहे. मालिका वर्षानुवर्षे चालवायची तर प्रत्येक नवा शत्रू आधीच्याहून मोठा लागतो. मग कालचा महाबली आज किरकोळ ठरतो आणि नायकाला संतापाच्या भरात नवे सामर्थ्य लाभते. एकदा हे शोभते, वारंवार झाले की कंटाळा येतो. पण हा दोषसुद्धा आकड्यांच्या हव्यासातूनच जन्मतो.

एइचिरो ओडा यांच्या ‘वन पीस’मधला क्रोकोडाइल पाहा. भर दुष्काळात तो लोकांचा तारणहार म्हणून मिरवतो. पाऊस चोरल्याचा ठपका त्याच्याच कारस्थानाने राजावर येतो. नायक लुफी त्याच्यापुढे दोनदा हरतो. तिसऱ्यांदा जिंकतो तो दुप्पट बलवान झाल्यामुळे नव्हे. वाळूचे शरीर ओले झाले की पकडता येते, हे त्यास उमगलेले असते, आणि पाणी नसताना तो स्वतःच्या रक्ताने मुठी भिजवतो. हे कोणत्या आकड्यात बसवणार?

या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त म्हटले आहे की शत्रूचे कुळ, पराक्रम आणि विद्या वर्णून मग त्याच्यावरील विजय दाखवला, तर नायकाचा उत्कर्ष आल्हाददायक होतो. या तिहींत पराक्रम एकच आहे, हे ध्यानी घ्यावे. त्याच्याच ‘दशकुमारचरिता’त विदर्भाचा राजा अनंतवर्मा बुडतो. अश्मकाचा राजा वसंतभानू आधी हस्तकाकरवी त्यास मृगया-द्यूतादी व्यसनांत गुंतवतो. स्वारी नंतर होते. या कथेत हरिषेणानंतरच्या वाकाटकांच्या ऱ्हासाची स्मृती आहे, असे वा. वि. मिराशी यांचे मत होते. हा हरिषेण वत्सगुल्म शाखेचा, आणि वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह जेथे लावला, तेच हे नगर.

तेव्हा तरुण मित्रांना आमचे सांगणे एवढेच : खलनायक कितीने मोठा, हे विचारण्याआधी तो नायकाच्या कोणत्या उणिवेवर बोट ठेवतो आणि नायक त्यावर काय शिकतो, ते विचारा. ज्या मालिकेत याचे उत्तर सापडेल, ती हजार भागांची असली तरी पाहावी. जिच्यात केवळ शून्ये वाढत जातात, ती दहाव्या भागात सोडली तरी काही बिघडत नाही.