पाण्याचा अपरिग्रह



एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर. मी कॉमर्सची, परवा वही घेऊन बसलेच. १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होतं. वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी ६४,००० लिटर उरतं. म्हणजे ती अख्खी गाडी आठ गच्च्यांची!

आपल्या कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग सागर आहे. त्यांनी तलाव बांधला. आपण गच्चीचं पाणी पाइपानं नालीत सोडतो. आपण पाणी गाळून पितो, जिवाणी जपून परत सोडतो. थेंबातल्या जिवाची एवढी काळजी, मग थेंबाची का नाही?

यंदा बोअरजवळ खड्डा घेऊन दगड, खडी, वाळूचे थर भरायचं ठरवलंय. गच्ची झाडायची, पहिला पाऊस बाहेर जाऊ द्यायचा, मग पाइप खड्ड्यात.

धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, खर्च आपला आणि पाणी शेजारच्या बोअरला?"

जाईल की! टाकीतलं पाणी माझं, मुरलेलं सगळ्यांचं. मला तर हाच अपरिग्रह वाटतो. शेजारणीनंही खड्डा घेतला, तर तिचं थोडं माझ्याकडे येईलच.

मृगाला वेळ आहे. तुमच्या गच्चीचा हिशेब आजच मांडा.