प्रश्न ठरतो तेव्हा रुग्ण कुठे असतो?

2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यावरच्या घराघरांत एक नाव शिरलं. त्याआधी ते मेंदूविकारतज्ज्ञांच्या खोलीबाहेर फारसं कुणी घेत नसे. गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. खडकवासला, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, नांदोशी. आधी जुलाब आणि पोटात कळ. मग काही दिवसांनी पायांना मुंग्या, जिना चढताना गुडघ्यांनी दगा देणं, हातातून पेला निसटणं. काहींची तर श्वास ओढण्याची ताकदही गेली आणि त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत संशयित रुग्णांचा आकडा दोनशेपर्यंत पोचला होता.

त्या महिन्यात आरोग्यव्यवस्थेने रुग्णांकडून बरंच काही घेतलं. रक्त घेतलं, शौचाचे नमुने घेतले, पाठीच्या मणक्यातलं पाणी घेतलं. आठवणीही घेतल्या: कुठलं पाणी प्यायलात, चिकन कुठे खाल्लंत, घरात आणखी कुणाला जुलाब झाले का. शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. पाण्यातून आलं की कोंबडीतून, हा वाद महिनाभर चालला आणि त्याची एक बाजू प्रयोगशाळेवर उभी होती, तर दुसरी आजारी माणसाच्या आठवणीवर. हे सगळं घेणं योग्यच होतं. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पाहणीत काय विचारायचं, बरं होऊन घरी गेलेल्यांकडे किती महिने लक्ष ठेवायचं, कोणत्या औषधावर संशोधनाचा पैसा लावायचा, हे जिथे ठरतं त्या टेबलाशी या दोनशेंपैकी एखाद्याला खुर्ची हवी की नको? माझं उत्तर स्पष्ट आहे. खुर्ची हवी, आणि मतासकट हवी. साथीच्या तपासपथकात रुग्णाला जागा देणारा नियम आपल्याकडे नाही. तो व्हायला हवा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो घेणारे सगळेच उद्धट नसतात. चांगले, कष्टाळू डॉक्टरही विचारतात: रुग्णाला यातलं काय कळणार? नसांवरचं आवरण, प्रतिपिंडं, संख्याशास्त्र, हे शिकायला आमची पंधरा वर्षं गेली.

ती पंधरा वर्षं खरी आहेत आणि त्यांचा मान ठेवूनच मी म्हणतो की हा आक्षेप टिकत नाही. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही 1969 पासूनची संस्था. रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेक या औषधाच्या पेटंटला चेन्नईच्या पेटंट कार्यालयात विरोध करणाऱ्यांत ती होती. कंपनीचं औषध महिन्याला लाखाच्या वर जात होतं आणि भारतीय कंपन्यांचं दहा हजारांच्या आसपास मिळत होतं. 2006 मध्ये पेटंट नाकारलं गेलं, आणि 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नकार कायम केला. नंदिता व्यंकटेशन या मुंबईच्या मुलीची श्रवणशक्ती क्षयरोगावरच्या औषधाने गेली. तिने आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले हिने 2019 मध्ये बेडाक्विलिन या क्षयरोगावरच्या गोळीच्या वाढीव पेटंटला हरकत घेतली. फुमेझाचीही ऐकण्याची शक्ती अशाच उपचारात गेली होती. मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. जुन्या क्षयाच्या इंजेक्शनांनी कान जातात हे पुस्तकात होतंच. पण गोळीने होणारा उपचार स्वस्त होण्याची निकड किती, हे ज्यांचे कान गेले त्यांनीच कार्यालयापुढे मांडलं. या दोघी डॉक्टर नव्हत्या.

कुणी म्हणेल, हे कायद्याचं झालं, विज्ञानाचं काय? तर विज्ञानाचंच घेऊ. संधिवाताच्या औषधांच्या चाचण्यांत नेमकं काय मोजायचं हे ठरवणारी ओमेरॅक्ट नावाची तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद आहे. सुजलेले सांधे, दुखरे सांधे, रक्तातले आकडे ही त्यांची मापं होती. 2002 मध्ये त्यांनी पहिल्यांदा रुग्णांना सहभागी म्हणून बसवलं. रुग्ण म्हणाले, तुम्ही आमचा थकवा मोजतच नाही. झोपून न जाणारा, विश्रांतीने न हटणारा थकवा. थोड्याच वर्षांत त्या परिषदेने चाचण्यांत थकवा मोजण्याची शिफारस केली. इतकी वर्षं जगभरातले नाणावलेले संधिवाततज्ज्ञ एक मोठं लक्षण मोजायचं राहून गेले होते आणि ते दाखवलं ज्यांना ते रोज सोसावं लागत होतं त्यांनी.

जीबीएसमध्येही हेच आहे. या आजाराचं सर्वांत जास्त वापरलं जाणारं माप 1978 चं, ह्यूज यांचं. शून्य म्हणजे धडधाकट, सहा म्हणजे मृत्यू. कुणाच्या आधाराशिवाय दहा मीटर चालता आलं पण धावता आलं नाही, तर दोन. किरकटवाडीच्या चार मजली इमारतीत लिफ्ट बंद असते तेव्हा पाण्याचा कॅन वर चढवता येतो का, पोळ्या लाटायला हातात जोर राहिला का, रिक्षाचा क्लच दिवसभर दाबता येतो का, हे त्या दोनमध्ये कुठे नोंदलं जातं? जीबीएसनंतरचा थकवा वर्षानुवर्षं रेंगाळतो हे आता संशोधनातही आलं आहे. पण कोणत्याही रुग्णाला विचारलं असतं तर त्याने ते पहिल्याच भेटीत सांगितलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मी हलका करणार नाही. घाबरलेला माणूस आशेला धरतो. त्याच्या हाती निर्णय दिला तर न तपासलेली औषधं बाजारात येतील, आणि रुग्णसंघटनांच्या आडून औषधकंपन्या आपला माल पुढे ढकलतील. हे घडलेलं आहे. 2016 मध्ये अमेरिकेत ड्युशेन या स्नायूंच्या आजारावरचं एक औषध मंजूर झालं. मुख्य अभ्यास होता अवघ्या बारा मुलांचा, आणि पालकांचा दबाव मोठा होता. त्या आईबापांना दोष द्यायला माझी जीभ धजत नाही, पण मंजुरीचा तो रस्ता धोक्याचा होता.

म्हणूनच मागणी नेमकी काय आहे ते नीट पाहावं. औषध चालतं की नाही, हे चाचणीनेच ठरावं. जीबीएसमध्ये इम्युनोग्लोब्युलिन या मुख्य औषधाचा दुसरा डोस द्यावा असं कित्येकांना मनापासून वाटे, डॉक्टरांनाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तो तपासला आणि 2021 मध्ये निष्कर्ष आला: फायदा नाही, उलट गंभीर दुष्परिणाम जास्त. इथे ना रुग्णाच्या आशेचं चालतं, ना तज्ज्ञाच्या अंदाजाचं. रुग्णाचा अधिकार त्याच्या आधीचा आहे: कोणता प्रश्न तपासायचा, यश कशाला म्हणायचं, संमतीपत्र कुठल्या भाषेत लिहायचं. आणि रुग्णसंघटनेने कंपनीकडून पैसा घेतला असेल तर तो उघड सांगण्याची सक्ती असावी. तशी सक्ती डॉक्टरांच्या संघटनांनाही असायला हवी.

प्रश्न कुणी ठरवायचा याला एवढं महत्त्व का, ते एका हिशेबाने सांगतो. इम्युनोग्लोब्युलिनचा नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.4 ग्रॅम, पाच दिवस. साठ किलोच्या माणसाला एकूण 120 ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस कुप्या. साथीच्या दिवसांत एका इंजेक्शनचा भाव वीस हजारांपर्यंत सांगितला जात होता. चोवीस गुणिले वीस हजार, चार लाख ऐंशी हजार. त्यात अतिदक्षता विभागाचा खर्च नाही. सरकारने आणि महापालिकेने उपचारखर्चाला हात दिला, तो द्यायलाच हवा होता. पण ढाक्यातल्या डॉक्टरांनी वेगळा प्रश्न विचारला. रक्तातला दूषित प्लाझ्मा महागड्या यंत्राशिवाय, खाटेशेजारीच साध्या पिशव्यांनी थोडाथोडा काढता येईल का? वीस रुग्णांवरचा त्यांचा पहिला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला आणि पद्धत सुरक्षित, करता येण्याजोगी दिसली. मोठ्या चाचणीची पायरी अजून बाकी असली तरी हा प्रश्न सुचतो तो रुग्णाच्या खिशाकडे पाहिल्यावर. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून दागिन्यांचा हिशेब करणाऱ्या नातेवाइकांना संशोधनाने काय शोधावं असं विचारलं, तर मला वाटतं पहिलं उत्तर हेच येईल.

तिसरा आक्षेप प्रशासनाकडून येतो: लोकप्रतिनिधी आहेत, समित्या आहेत, आणखी वेगळी खुर्ची कशाला? खडकवासल्याच्या बाबतीत याचं उत्तर तारखांनीच द्यावं लागतं. 30 जून 2021 रोजी तेवीस गावं पुणे महापालिकेत आली. खडकवासला, किरकटवाडी, नांदेड, नांदोशी त्यांत होती. ग्रामपंचायत गेली, ग्रामसभा गेली, गावची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती गेली. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. म्हणजे साथ आली तेव्हा या गावांकडे सरपंच नव्हता आणि नगरसेवकही नव्हता. धरणाच्या भिंतीखाली राहणाऱ्या, 1916 मध्ये स्थापन झालेलं देशाचं जलसंशोधन केंद्र ज्या परिसरात आहे तिथल्या माणसाने नळाला गढूळ पाणी आल्याचं सांगायचं कुणाला?

आणि समित्या? औषधचाचण्यांच्या 2019 च्या नियमांप्रमाणे नीतिसमितीत एक सामान्य नागरिक लागतो. पण तो त्या आजाराचा रुग्ण असावा अशी अट नाही. शेजारच्या ग्रामीण भागात 2007 पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता आणि पुण्याच्याच साथी संस्थेने ते काम राज्यभर उभं केलं. जनसुनवाईत आदिवासी बाया उभ्या राहून विचारत, औषध बाहेरून का आणायला लावलं? आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागे. गाव शहरात आलं की ही सोयही मागे राहते. शहरात येण्याची ही किंमत कुणी सांगितली नव्हती.

हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी मानसिक आरोग्याकडे पाहावं, कारण वेड्याला काय कळतं हे वाक्य तर सर्वांत जुनं. कॅल्गरीत संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरातला स्किझोफ्रेनिया लपवला नाही. पुण्यात त्यांनी रुग्ण आणि नातेवाइकांची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर पुनर्विलोकन मंडळात जिल्हा न्यायाधीशांच्या बरोबरीने रुग्ण, शुश्रूषा करणारे किंवा त्यांच्या संघटनांच्या प्रतिनिधींना दोन जागा दिल्या. जिथे रुग्णाच्या बुद्धीवरच शंका घेतली जायची तिथे कायद्याने खुर्ची मांडली. मग जुलाबातून पाय गेलेल्या, बुद्धी शाबूत असलेल्या माणसाला ती नाकारायचं कारण उरत नाही.

खडकवासल्यापुरतं बोलायचं तर काम आजही सुरू करता येईल. आजारातून उठलेल्यांची नोंदवही, त्यांच्या संमतीने, किमान दोन वर्षांची, आणि थकव्याचे व हातांच्या ताकदीचे प्रश्न त्यांच्याकडूनच लिहून घेतलेले. पाण्याच्या तपासणीवर एक स्थानिक समिती, तिच्यात दोन जागा आजार भोगलेल्यांना. बैठक संध्याकाळी, कारण त्यातले बरेचजण रोजंदारीवर आहेत. पहिल्या मजल्यावर नको, कारण काहींना अजून जिना चढवत नाही. आणि विहिरीचा, टाकीचा, टँकरचा क्लोरीनचा आकडा त्यांच्या हातात बैठकीच्या दोन दिवस आधी, मराठीत.