पाटल्या मोडून घेतलेला गुंठा

परवा आमच्या भिशीचा नंबर लागला तो इसबावीच्या मैत्रिणीला. चहा व्हायच्या आतच ती म्हणाली, "यात थोडी भर घालून एक गुंठा घेऊन टाकते गं. पैसा हातात राहिला की जातोच." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र गप्प बसले, कारण मला आमच्या मोठ्या जाऊबाई आठवल्या.

जाऊबाईंनी २०११ साली माहेरच्या पाटल्या मोडून रस्त्याकडेला दीड गुंठा घेतला होता. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी, दोन साक्षीदार आणि वर पेढे! बाईमाणसाने स्वतःचं काहीतरी केलं म्हणून आम्ही किती कौतुक केलं. नोटरी म्हणजे खरेदीखत नव्हे, हे त्या खोलीत आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो पैसे मोजत होता. पुढे पालखी मार्गाच्या रुंदीकरणात ती पट्टी गेली आणि भरपाई आली ती सातबाऱ्यावर ज्याचं नाव होतं त्याला. तो स्टॅम्पपेपर जाऊबाई अजून देव्हाऱ्यामागे जपून ठेवतात.

खरं तर पंढरपूरच्या बाईला जागेचं मोल कुणी शिकवायला नको. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चारी यात्रांना आपल्या सासवांनी माडी रिकामी करून वारकरी उतरवले, त्यातून पोरांच्या फिया भरल्या. माझी भाची कॅनडात टोरांटोजवळ राहते. तिनेही घराचं तळघर भाड्याने दिलंय आणि त्यातून कर्जाच्या हप्त्याला हातभार लागतो. फोनवर ती म्हणाली, "मावशी, मी वर्षाचे दहाच महिने धरते. दोन महिने रिकामे जाणारच." तिचं हे दहा महिन्यांचं गणित मला फार आवडलं, कारण आपण नेमकं उलटं करतो. आषाढीच्या आठ दिवसांत खोलीला जे मिळतं, त्यावर वर्षाचा हिशेब मांडतो. २०२० आणि २०२१ च्या आषाढीला पालख्या एसटीने आल्या, गावात संचारबंदी होती आणि माड्या ओस पडल्या होत्या. तेव्हा ज्यांच्या डोक्यावर हप्ते होते त्यांना विचारा. कर्ज काढणार असाल तर सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय सही करू नका.

आता जरा आकडेमोड करू. समजा, १२ लाखांचा छोटा फ्लॅट घेतला आणि महिना ५ हजार भाडं आलं. वर्षाचे झाले ६० हजार. एक महिना रिकामा गेला, नगरपालिकेची पट्टी, मेंटेनन्स, रंग, नळदुरुस्ती असे मिळून २० हजार गेले. उरले ४०. म्हणजे शेकडा सव्वातीनच्या आसपास! बँकेची ठेव याहून जास्त देते. उरलेला फायदा जागेचा भाव वाढेल या आशेवर. आणि मोकळा प्लॉट तर तेवढंही देत नाही. तो नुसता पडून राहतो, वर कुंपणाला आणि गवत काढायला पैसे मागतो.

म्हणून माझं मत विचाराल, तर आपल्या ऐपतीच्या बाईने आधी स्वतःच्या घराकडे बघावं. परवानगी काढून वर एक खोली आणि संडास-बाथरूम बांधलं, समजा ३ लाख लागले आणि अडीच हजार भाडं आलं, तर खर्च जाऊनही फ्लॅटपेक्षा बरं पडतं. जमीन आपलीच असते ना! फक्त इथे एक गोम आहे. घर कुणाच्या नावावर आहे? आपले दागिने आणि भिशी जाते विटांत आणि मिळकत पत्रिकेवर आपलं नावच नसतं. घर नवऱ्याच्या नावावर असेल, तर राहतं घर बायकोला बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च. हा विषय घरात काढायला जीभ अडखळते, मलाही अडखळली होती. पण बांधकामाआधीच काढावा, स्लॅब पडल्यावर नव्हे.

तरीही जागाच घ्यायची असेल, तर एजंटाकडून आधी गट नंबर मागा. सही असलेला डिजिटल सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. त्यावर विकणाऱ्याचं नाव आहे का ते बघाच, पण 'इतर हक्क' हा रकाना जास्त नीट वाचा. सोसायटीचा बोजा, बहिणींचा हक्क, कोर्टाचा दावा हे सगळं तिथे लपून बसतं. तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या, त्याची फी पाटल्यांपेक्षा कमीच असते. बिनशेतीचा आदेश आणि मंजूर लेआउट प्रत्यक्ष दाखवा म्हणावं. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा किंवा आठपेक्षा जास्त प्लॉटचा लेआउट विकायला असेल तर त्याची महारेराकडे नोंद लागते. हा कायदा २०१७ पासून लागू आहे आणि नोंद आहे की नाही हे मोबाईलवर फुकट दिसतं.

शेतीचा एक-दोन गुंठ्यांचा तुकडा घेताना तर दहादा विचार करा. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. त्यातून पळवाट म्हणून पाच-दहा जणींच्या नावाने एकच सामाईक खरेदीखत करतात. नाव लागतं, पण आपली हद्द कोणती हे कुणीच सांगू शकत नाही आणि मग बाकीच्या नऊजणींच्या सह्यांशिवाय विकता येत नाही. असे जुने व्यवहार नियमित करायला सरकारने २०२५ मध्ये वाट काढली आहे. तुमचा असेल तर तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, चौकशी करा. जाऊबाईंच्या हातात आता जमीनच नाही, त्यांना त्याचा काय उपयोग!

इसार रोखीने देऊ नका. २० हजार किंवा त्यापुढची रक्कम अशी रोखीने घेणं कायद्याला मान्य नाही, आणि चेकची नोंद उद्या आपल्याच कामी येते. घर किंवा फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, २०२१ पासून. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली, हेही लक्षात असू द्या. नदीकडची जागा असेल तर शेजारच्या आजीला विचारा, उजनीतून पाणी सोडलं की गल्लीत कुठवर येतं. देवळाजवळची असेल तर कॉरिडॉरच्या आखणीत ती येते का, हे आधी बघा.

आणि भाडेकरू ठेवला की करार नोंदवायचाच, अकरा महिन्यांचा असला तरी. ती जबाबदारी मालकिणीची आहे. नोंद नसेल आणि भांडण कोर्टात गेलं, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. "ओळखीचाच पोरगा आहे हो" हे तिथे चालत नाही.

हे सगळं मी भिशीत एका दमात सांगितलं. चहा गार झाला. इसबावीच्या मैत्रिणीने तिथूनच एजंटाला फोन लावला आणि गट नंबर विचारला. तो म्हणाला, "ताई, आधी टोकन द्या, मग नंबर देतो." तिने फोन ठेवला. भिशीचे पैसे सध्या बँकेत आहेत आणि वरच्या खोलीसाठी ती गवंड्याला भेटून आलीय.