डब्यांचे बारसे

आमची भाची मुंबईला दिली आहे. दिवाळीला ती रत्नागिरीस येते आणि येताना मामीसाठी काहीतरी ‘मुंबईचे’ घेऊन येते. गेल्या दिवाळीत तिने एका मोठ्या दुकानातला आमरसाचा डबा आणला. डब्यावर दुकानाचेच नाव आणि खाली रंगीत आंबा. आंब्याच्या गावाला आंबा आणणाऱ्या मुलीला काय म्हणावे! आमच्या मंडळींनी मात्र चष्मा पुसून डब्यामागची बारीक अक्षरे वाचली आणि त्या उद्गारल्या, “अहो, हा तर आपल्या मिरजोळ्याचा!”

मिरजोळे म्हणजे आमची औद्योगिक वसाहत. तिथला डबा सुमारे साडेतीनशे किलोमीटर मुंबईला गेला, दुकानाचे नाव मिरवून आला आणि पुन्हा आमच्याच दारात!

तेवढ्यात शेजारच्या वहिनी फराळाचे ताट घेऊन आल्या. हंगामात त्या अशाच एका कारखान्यात आंबे सोलायला जातात. त्यांना हसू आवरेना.

“भाऊजी, त्यात नवल कसलं? रस काढायचा, साखर घालून तापवायचा, डब्यात भरून झाकण बसवायचं नि डबा पुन्हा उकळत्या पाण्यात. गार झाले की डबे उघडेबोडके थप्पीला लावायचे. डब्यावर नुसते खुणेचे आकडे. ज्याची ऑर्डर येईल त्याचं लेबल मागाहून चिकटवतात.”

म्हणजे बाळे एकाच पाळण्यातली, बारसे मात्र ज्याच्या त्याच्या दुकानी!

“मग महागाचा डबा घेणारे आम्ही वेडेच की!” आमच्या मंडळी म्हणाल्या.

“तसंही नाही. कुणी निव्वळ हापूस मागतो, कुणाला दुसरा आंबा चालतो. कुणाला साखर जास्त लागते. कारखाना एक म्हणून माल एक असं नाही.”

हे ऐकून मी नियम पाहिले. अन्नपदार्थांच्या लेबलांविषयीचे सध्याचे नियम २०२० सालचे आहेत. ज्याची छाप त्याचे नाव नि पत्ता लेबलावर हवाच. आणि माल दुसऱ्याने केला असेल तर त्या दुसऱ्याचे नाव-पत्ता किंवा निदान त्याचा परवाना क्रमांक हवा. हा क्रमांक चौदा आकडी असतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तो घातला की कारखान्याचे नाव निघते. घटकांची यादीही वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. तिच्यात साखर कितवी, हे गृहिणींनी अवश्य पाहावे.

यात दुकानदाराचे काही चुकते असे नाही. जाहिरातीचा खर्च वाचतो, म्हणून त्याला माल स्वस्त देता येतो. लहान कारखानदाराला घरबसल्या मुंबईची बाजारपेठ मिळते. पण जाता जाता वहिनी जे बोलल्या ते माझ्या मनातून जात नाही.

“तीन वर्षांमागे एका दुकानाने आमची ऑर्डर थांबवली. लेबल तेच, चित्र तेच. डबे दुसरीकडे भरून घेऊ लागले. गिऱ्हाइकाला पत्ताही नाही. आम्ही पंधराजणी मात्र तो हंगामभर घरी बसलो.”

वाचकहो, ‘आम्ही नेहमी हाच डबा घेतो’ असे आपण अभिमानाने सांगतो. पण तो ‘हाच’ म्हणजे कोण? समोरचे नाव कायम राहते आणि मागचे हात बदलतात. गेल्या वर्षीची चव यंदा का नाही, याचे उत्तर पुष्कळदा मागच्या त्या बारीक अक्षरांत असते. आमच्या हापूसला रायगड, सिंधुदुर्ग, ठाणे, पालघर यांच्या बरोबरीने २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आंब्याला आपल्या मातीचे नाव कायद्याने मिळाले. तो सोलणाऱ्या वहिनींचे नाव कुठल्याच डब्यावर नाही. निदान त्यांच्या कारखान्याचे तरी आपण वाचावे.

भाऊबीजेला तो डबा फोडला. वहिनींना मुद्दाम बोलावले होते. त्यांनी एक चमचा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “आमचाच!”

भाचीला आता ताकीद दिली आहे : दुकानात डबा आधी उलटा फिरवून पाहायचा. मिरजोळे दिसले तर खुशाल इथवर ओझे वाहून आण. मामी रागावणार नाही.