धावपट्टी दोघांची, झळ तिसऱ्याला

आमच्या शिरोळ तालुक्यात सैन्यदलांबद्दल कोणाच्या मनात किंतु नाही. 2019 च्या महापुरात अडकलेली माणसे जवानांच्या बोटींतून बाहेर आली. त्यामुळे पुढचा प्रश्न सैन्याविरुद्ध नाही, हे आधीच सांगतो. प्रश्न एवढाच आहे की विकासाची किंमत कोण मोजतो आणि त्याला कोणी विचारले का.

इथून लांबचा विमानप्रवास म्हटला की अनेकदा पुण्याचे लोहगाव गाठावे लागते. ते मुळात ब्रिटिश काळातले हवाई दलाचे ठाणे. आज तेथे सुखोई लढाऊ विमाने असतात. धावपट्टी हवाई दलाची, प्रवासी टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाचे. ऑक्टोबर 2021 मध्ये धावपट्टीच्या कामासाठी प्रवासी उड्डाणे 14 दिवस बंद राहिली. 2024 मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले. पण टर्मिनल कितीही वाढवले, तरी धावपट्टी एकच आणि तिच्यावर पहिला हक्क संरक्षणाचा. तो असायलाही हवा.

म्हणून दुसरा विमानतळ हवा, असे उत्तर पुढे येते. गोव्यात हेच घडले. दाभोळीला नौदलाचा तळ आहे, तिथल्या मर्यादा पुढे करत पेडणे तालुक्यात मोपा उभा राहिला आणि जानेवारी 2023 पासून तेथून उड्डाणे सुरू झाली. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि धनगर कुटुंबांनाही आपली वस्ती सोडावी लागली.

पुण्यासाठी 2016 मध्ये पुरंदर तालुक्याचे नाव जाहीर झाले. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी ही ती सात गावे. यातली खानवडी म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांच्या पूर्वजांचे गाव. मे 2025 मध्ये सर्वेक्षणाला ग्रामस्थांनी विरोध केला, पोलिसांशी संघर्ष झाला. पुढे अनेक शेतकऱ्यांनी संमतीपत्रे दिली.

पण संमती घेतली जाते ती सातबारावर नाव असलेल्याची. त्याच शिवारात मजुरीला जाणाऱ्या भूमिहीन बाईची संमती कोण घेणार? शेत गेले की मालकाला मोबदला मिळतो, तिची रोजी मात्र त्याच दिवशी बुडते. महापुरानंतर वस्त्यांवर फिरताना हेच दिसले. कागदावर नाव नसलेल्या कुटुंबाला आपले नुकसान आधी सिद्ध करावे लागते.

2013 च्या भूसंपादन कायद्याने ही चूक ओळखली होती. संपादनाच्या आधी तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका असलेले शेतमजूर, कूळ आणि कारागीरसुद्धा त्यात ‘बाधित कुटुंब’ ठरतात. सामाजिक परिणामांचे मूल्यमापनही त्यात आहे. पुरंदरचे संपादन मात्र राज्याच्या औद्योगिक विकास कायद्याखाली होत आहे आणि 2018 च्या राज्य दुरुस्तीने त्या कायद्याला या मूल्यमापनातून सूट दिली. म्हणजे कोणाचे काय बुडणार हे मोजण्याची सक्तीच उरली नाही.

मग ते आपण मोजू. मित्रहो, जिथे असा प्रकल्प येतो तिथल्या कार्यकर्त्यांनी मोर्चाबरोबर तीन कामे करावीत. भूमिहीन कुटुंबांची घरोघरी यादी करावी. रेशनकार्ड, मतदारयादीतील नोंद, रोजगार हमीचे जॉबकार्ड अशा तीन वर्षांच्या वास्तव्याच्या आणि कामाच्या पुराव्यांच्या प्रती जमवाव्यात. आणि ती यादी ग्रामसभेत ठरावाने नोंदवून जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी, पोच घ्यावी.

राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये कोल्हापूर संस्थानात महार वतने रद्द केली, तेव्हा वेठबिगारीत अडकलेल्या माणसाला स्वतःच्या नावाची जमीन मिळण्याची वाट खुली झाली. ज्यांच्यापर्यंत ती वाट अजून पोहोचलेली नाही, त्यांना निदान यादीत तरी जागा मिळालीच पाहिजे.

जय भीम!