चेहरा कोणाचा, मोबदला कोणाला?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतील मोकळी मैदाने आक्रसत गेली, तसे तेथील मुलांचे क्रिकेट बऱ्याच अंशी पडद्यावर गेले. आधी सायबर कॅफेतील संगणकावर आणि मग हातातील मोबाइलवर. २००६ च्या अखेरीस आलेला ईए कंपनीचा 'क्रिकेट ०७' हा खेळ त्या काळच्या विद्यार्थ्यांना आजही आठवत असेल. खऱ्या नावांचा परवाना त्यात इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या दोन संघांपुरताच होता. भारतीय संघही मैदानात उतरे. पण त्याच्या खेळाडूंची नावे थोडी मोडून-वाकवून लिहिलेली असत. त्यामुळे फसत कोणीच नसे. फलंदाज कोण, हे शाळकरी पोरही ओळखत असे. आडनावातील दोन अक्षरे बदलली की मोबदल्याचा प्रश्न उरत नाही, असाच जणू हा हिशेब होता.

ही मुलांच्या करमणुकीतील किरकोळ बाब आहे, असे म्हणण्याचे दिवस आता गेले. २०१३ मध्ये निवृत्त झालेले सचिन तेंडुलकर जानेवारी २०२४ मध्ये एका गेमिंग ॲपची भलामण करताना चित्रफितीत दिसले. चेहरा त्यांचा होता, आवाजही त्यांच्यासारखा होता. बोल मात्र यंत्राने घडविलेले होते. तेंडुलकरांनी ही लबाडी स्वतःच उघड केली आणि मुंबईच्या सायबर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. १९८७ साली बॅट खाली ठेवणाऱ्या सुनील गावसकर यांनाही आपले नाव व प्रतिमा यांच्या गैरवापराविरुद्ध डिसेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. तथापि ही नावेच अशी आहेत की, त्यांची तक्रार ऐकून घेतली जाते. त्यांच्याशी करार करण्यासही कंपन्या उत्सुक असतात. पुण्याच्या जेटसिंथेसिस कंपनीने २०१७ मध्ये काढलेला 'सचिन सागा' हा खेळ तेंडुलकरांच्या संमतीनेच निघाला होता. खरा प्रश्न आहे तो ज्यांच्यापाशी वकील नाही आणि ज्यांच्या दारी करार घेऊन कोणी येत नाही, अशा निवृत्त खेळाडूंचा.

व्यक्तीच्या नावावर आणि चेहऱ्यावर तिचा आर्थिक हक्क मान्य करणारा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने प्रयोग सादर करणाऱ्या कलावंताची व्याख्या केली आहे. तीत नट, गायक, वादक आणि नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार आणि गारुडी यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. खेळाडूचा मात्र नाही. व्याख्येच्या शेवटी असलेल्या 'अन्य कोणतीही व्यक्ती' या शब्दांत त्याला बसविता येईल की नाही, यावर कायदेपंडितांनी खुशाल वाद घालावा. पण साठी ओलांडलेल्या खेळाडूने त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबावे, ही अपेक्षा न्याय्य म्हणता येणार नाही.

न्यायालयांची भूमिकाही सावध आहे. खेळाडूंची अंकीय कार्डे विकणाऱ्या एका कंपनीने आणि मोहम्मद सिराजसारख्या काही क्रिकेटपटूंनी 'स्ट्रायकर' या खेळाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला होता. त्या खेळात खेळाडूंची नावे, आकडेवारी आणि रेखाचित्रे परवान्याविना वापरली जात होती. एप्रिल २०२३ मध्ये न्यायमूर्ती अमित बन्सल यांनी अंतरिम मनाईहुकूम नाकारला. सर्वांना उपलब्ध असलेल्या माहितीवर कोणा एकाची मालकी असू शकत नाही आणि तिचा व्यापारी वापरही अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो, असे त्या निर्णयाचे सूत्र होते.

हे सूत्र मुळात योग्य आहे. कोणी किती धावा काढल्या, हे लिहिण्यासाठी पत्रकाराला, इतिहासकाराला किंवा क्रिकेटवर टिपणे काढणाऱ्या विद्यार्थ्याला परवानगी मागावी लागली, तर खेळाचा इतिहासच गहाण पडेल. व्यंग्यचित्रकाराचा कुंचलाही मोकळाच राहिला पाहिजे. परंतु माहिती देणे ही एक गोष्ट झाली आणि माणसाची हलती-खेळती प्रतिकृती बनवून ती विकणे ही दुसरी. धावफलक वाचणारा माणूस माहिती घेत असतो. व्हिडिओ गेममध्ये मात्र त्या खेळाडूची उभे राहण्याची ढब, चेंडू टाकण्याची लकब आणि चेहरा हाच विकाऊ माल असतो. ती लकब वर्षानुवर्षांच्या घामातून आलेली असते. या दोहोंमधील सीमारेषा न्यायालयांनी प्रकरणागणिक शोधत बसण्याऐवजी कायद्याने आखून द्यावयास हवी.

अमेरिकेतील अनुभव याबाबतीत बोलका आहे. तेथील 'मॅडन' या फुटबॉलच्या खेळात जुन्या काळचे गाजलेले संघ घातले होते. निवृत्त खेळाडूंची नावे गाळली आणि सदऱ्यांवरील क्रमांक बदलले; पण मैदानातील जागा, उंची, वजन आणि संघ अचूक ठेवले. खेळाडू न्यायालयात गेले आणि दावा काढून टाकण्याची ईए कंपनीची मागणी २०१५ मध्ये अपील न्यायालयानेही अमान्य केली. हेच चित्र मुंबईला लावून पाहावे. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईकडे होता. उद्या एखाद्या कंपनीने तो जुना संघ मोबाइलच्या पडद्यावर उभा केला, तर तेंडुलकर-गावसकर यांच्याइतकी प्रसिद्धी न लाभलेल्या त्यातील खेळाडूंना काय मिळेल? पद्माकर शिवलकर यांनी प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले आणि तरीही त्यांना एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही. मार्च २०२५ मध्ये ते निवर्तले. ती डावखुरी फिरकी पडद्यावर विकली गेली, तर त्यांच्या कुटुंबाने कोणाकडे दाद मागावी?

एकेकट्या खेळाडूने दावे लावत बसणे, हे याचे उत्तर नव्हे. सामुदायिक परवाना हेच व्यवहार्य उत्तर आहे आणि त्याचा नमुना अंधेरीच्या चित्रपट-व्यवसायाला परिचित आहे. गीतकार-संगीतकारांचे मानधन गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ मध्ये स्थापन झाली आणि २०१२ च्या दुरुस्तीने मानधनातील त्यांचा वाटा कायद्याने सुरक्षित केला. क्रिकेटमध्येही असे घडू शकते. 'रिअल क्रिकेट २४' या भारतीय खेळात परदेशी क्रिकेटपटूंची नावे व चेहरे 'विनर्स अलायन्स' या संस्थेमार्फत रीतसर परवान्याने घेण्यात आले. कारण त्या खेळाडूंच्या संघटना एकत्र आलेल्या आहेत. भारतीय खेळाडूंची कोणतीही संघटना त्या जागतिक महासंघात नाही. लोढा समितीच्या शिफारशींनुसार २०१९ मध्ये स्थापन झालेली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन केवळ निवृत्त खेळाडूंची आहे. किंबहुना म्हणूनच हे काम तिचे आहे.

मात्र संघटना असली की न्याय होतोच, असे नाही. अमेरिकन फुटबॉलपटूंच्या संघटनेने आपल्याच निवृत्त सदस्यांना परवान्यांच्या उत्पन्नापासून वंचित ठेवल्याचे प्रकरण हर्ब ॲडर्ली आणि इतर दोन हजारांहून अधिक खेळाडूंच्या दाव्यातून उघडकीस आले. २००८ मध्ये पंचांनी २ कोटी ८१ लाख डॉलर भरपाई ठरविली आणि पुढल्या वर्षी २ कोटी ६२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. तेव्हा हिशेब जाहीर असणे, कमी नावाजलेल्या खेळाडूलाही ठराविक वाटा मिळणे आणि दिवंगत खेळाडूच्या वारसांचा हक्क मान्य होणे, या तीन अटी प्रथमपासूनच घातल्या पाहिजेत. कबड्डी, खो-खो आणि हॉकी यांच्या संघटनांनीही वेळीच जागे व्हावे.

क्रिकेट मंडळाने जून २०२२ मध्ये माजी खेळाडूंचे निवृत्तिवेतन वाढविले, हे स्वागतार्हच आहे. परंतु निवृत्तिवेतन देणाऱ्याच्या औदार्यावर अवलंबून असते आणि स्वतःच्या प्रतिमेचे मोल हा खेळाडूचा हक्क असतो. पहिले दिले म्हणून दुसरे नाकारता येत नाही. क्रीडा कोट्यातून बँकेत किंवा रेल्वेत कारकुनी करून निवृत्त झालेला खेळाडू आजही उपनगरांतील कितीतरी चाळींत आणि गृहसंकुलांत आढळेल. त्याचा नातू मोबाइलवर त्याचीच प्रतिकृती खेळवू लागण्याआधी हा कायदा आणि ही व्यवस्था उभी राहिली पाहिजे.